तालीतलं बीळ

आमच्या घराच्या मागं चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत आहे. पाहुणेरावळे आले की घर बघतात, गोठा बघतात, भिंतीकडं कुणी बघत नाही. एखाद्यानं बघितलंच तर विचारतो, "भिंतीला एवढी भोकं कशापायी ठेवली?" त्या भोकांची ही हकिकत. ती सांगायची म्हणजे माझी एक चूक सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं लिहायचं टाळत आलो.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगावर. सपाट जमीन मूठभर, ती भाताला लागते. म्हणून आमच्याकडं घरं उतारावर बांधायची रीत. उतार फोडायचा, निघालेला मुरूम पुढं टाकून जोतं करायचं आणि मागं जो उभा कडा राहतो तो दगडानं बांधून घ्यायचा. या दगडी कामाला आम्ही ताल म्हणतो. शेतात ताल, घरामागं ताल. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचायचा. सरकारी कागदात तिला 'संरक्षक भिंत' म्हणतात आणि शिकलेली पोरं 'रिटेनिंग वॉल' म्हणतात. नाव काही असो, काम एकच. डोंगर घरात येऊ द्यायचा नाही.

आमच्या घरामागची ताल आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी रचून घेतली. आबांना सालं सांगता येत नसत. "चळवळ झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात," असं ते म्हणायचे. चळवळ म्हणजे बेचाळीसची. तेव्हा १९४२ चा उन्हाळा धरायला हरकत नाही. काम वडार समाजातल्या एका कुटुंबानं केलं. पाल ठोकून ते तीन महिने आमच्याच रानात राहिले होते. त्यातला बारा-तेरा वर्षांचा पोरगा पुढं पंचक्रोशीत नावाजलेला कारागीर झाला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ताल कशी रचली हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

आधी पाया. वरची भुसभुशीत माती काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खणायचं. तालीचा पाय उंचीच्या निम्मा रुंद ठेवायचा. दहा फूट उंच ताल तर खाली पाच फूट जाडी. वर जाताना ती कमी होत जाते आणि तोंड डोंगराकडं कललेलं राहतं. ओळंबा धरला तर ताल मागं रेललेली दिसली पाहिजे. "म्हातारं मानूस भित्तीला टेकून बसतंय तशी," असं मामा म्हणायचे. दर दोन-तीन थरांनी एक लांब दगड आडवा आत घालायचा, म्हणजे पुढचा दर्शनी दगड आणि पाठीमागचा भराव एकमेकांना धरून राहतात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. मोठ्या दगडाखाली चिपा अशा ठोकायच्या की तो हलता कामा नये. सुतकी, पहार आणि डोळा, एवढीच हत्यारं.

ताल पुरी झाल्यावर एक गोष्ट राहिली होती. तालीच्या बुडाशी, बरोबर मध्यावर, हातभर रुंद आणि वीतभर उंच असं एक तोंड होतं. आम्ही पोरं त्याला बीळ म्हणायचो. पावसाळ्यात त्यातून पाणी यायचं, उन्हाळ्यात मुंगूस. कधी साप. आई तिथं जायला बंदी करायची. ते बीळ मुद्दाम ठेवलेलं आहे, हे मला माझं अर्धं आयुष्य संपल्यावर कळलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. चार वाजून गेले होते. जमिनीखालून गाड्या धावाव्यात तसा आवाज आला आणि घर हाललं. वडिलांनी मला घोंगड्यासकट उचलून अंगणात टाकलं. कोयनानगरात तर घरं भुईसपाट झाली, खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणालासुद्धा भेगा पडल्या आणि पुढं त्याची मजबुती करावी लागली. आमच्या वाडीत बहुतेक घरांच्या दगडमातीच्या भिंती आल्या. आमची पुढची भिंत आणि एक पाखं गेलं. उजाडल्यावर वडील मागं गेले. तालीचे वरचे दोन थर सुटून पडले होते. बाकी ताल होती तिथंच होती.

मामा दुसऱ्या आठवड्यात आले. त्यांनी तालीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिच्यात शिमीट न्हाई म्हनून ऱ्हायली. दगूड हालला आन् परत बसला." सुटलेले दगड त्यांनी एका दिवसात परत रचले. पैसे घेतले नाहीत, पायलीभर तांदूळ नेले.

मी दहावी झालो आणि शेती धरली. दहावी झालेला माणूस तेव्हा वाडीत शहाणा समजला जायचा. मीही समजायचो. आमच्या लहानपणी सिमेंट परमिटवर मिळायचं. एक पोतं मिळवायला तालुक्याला खेटे घालावे लागत. १९८२ साली निर्बंध थोडे सैल झाले आणि १९८९ ला सिमेंट पुरतं मोकळं झालं. मग खेड्यापाड्यात दुकानातून मिळू लागलं. ज्याच्या घराला सिमेंट तो सुधारलेला, असं होऊन बसलं. मातीची भिंत, रचलेली ताल, सारवलेली भुई, या सगळ्याची आम्हाला लाज वाटू लागली.

१९९४ ला दादाची आणि माझी वाटणी झाली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वाटणी कशी होते ते सांगायला नको. घर मधून कापलं. तालीकडचा मागचा भाग आणि आई माझ्याकडं आली. दादानं शेजारी गोठा बांधला, तोही त्याच तालीच्या टोकाला लागून. वाटणीत एका आंब्याच्या झाडावरून शब्दाला शब्द वाढला आणि आमचं बोलणं बंद झालं.

त्या साली मला आल्याचे चांगले पैसे झाले होते. मागं एक खोली काढायची ठरवली. जागा कमी पडत होती. ताल डोंगराकडं रेललेली, पायाशी पाच फूट जाड. मला वाटलं, एवढी जागा दगड नुसता खाऊन बसलाय. ताल काढून सिमेंटमध्ये सरळ उभी भिंत घातली तर चार फूट मोकळे होतील. तालुक्याहून एक गवंडी आणला. खाली अडीच फूट, वर दीड फूट जाडी, तोंड ओळंब्यात सरळ. चाळीस फूट लांब, गुळगुळीत गिलावा, वर आकाशी रंग.

काम चालू असताना मामा मुद्दाम चालत आले. वय साठीच्या पुढं गेलेलं. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "बाळा, पानी कुठनं काडनार?"

मी म्हणालो, "मामा, सिमेंट हाय. पाणी येतंय कशाला?"

"डोंगुर हाय मागं. पानी येनार. पयल्या तालीला वाट हुती."

"ते बीळ? सापाचं बीळ त्ये. काँक्रीटनं भरलं मी."

मामा काही बोलले नाहीत. उठले, धोतर झटकलं आणि गेले. मला वाटलं, आपण काम दिलं नाही म्हणून रुसले असतील.

पहिली काही वर्षं भिंत छान राहिली. लोक बघायला यायचे. मग कधीतरी मध्यावर गिलाव्याला एक आडवी रेघ दिसली. मी ती बुजवली. पुढच्या पावसाळ्यानंतर परत दिसली, परत बुजवली. भिंतीच्या बुडाला ओल यायची आणि रंगाचे पापुद्रे सुटायचे. २००५ च्या जूनमध्ये खोलीतलं कपाट भिंतीपासून सुटलेलं दिसलं. वर टेकायचं, खाली फट. मला वाटलं, कपाट वाकडं झालं. भिंतीनं पोट काढलं होतं, हे डोळ्यांना दिसत असून मनाला दिसत नव्हतं.

जुलैच्या २५ आणि २६ तारखेला तो पाऊस झाला. मुंबई बुडाली ती २६ तारीख. घाटाच्या खाली महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. आमच्याकडं दोन दिवस दहा हातांवरचं दिसत नव्हतं. २६ च्या रात्री मी पुढच्या खोलीत होतो, आई मागच्या खोलीत. झोप लागली होती. दार कुणीतरी लाथेनं उघडलं. दादा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या घरात पाऊल टाकत होता. हातात कंदील, अंगावर इरलं. "आईला उचल," एवढंच म्हणाला. मी उठेपर्यंत तोच आत गेला आणि आईला पाठुंगळी मारून बाहेर आला. आम्ही अंगण ओलांडलं नसेल, तोच मागून आवाज आला. फार मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा.

भिंत अख्खी आडवी झाली होती. मागची खोली तिच्याखाली. आईच्या अंथरुणावर दोन-दोन फुटांचे दगड. आणि भिंतीचं टोक दादाच्या गोठ्यावर. त्याची एक दुभती म्हैस आणि पारडू तिथंच गेलं.

दादाला कसं कळलं? तो गोठ्यात म्हशीला वैरण टाकायला गेला होता. कंदिलाच्या उजेडात त्यानं बघितलं की भिंतीच्या माथ्यावरून पाणी येतंय. खाली वाट नाही म्हणून भिंतीमागं पाणी दहा फूट चढलं होतं. म्हैस सोडायची का आईला काढायचं, एवढाच वेळ त्याच्याकडं होता. त्यानं म्हशीचं दावं सोडलं नाही.

नुकसानीचा पंचनामा झाला. सरकारातून काय मिळायचं ते मिळालं. दादानं माझ्याकडं म्हशीचे पैसे मागितले नाहीत. मी द्यायला गेलो तर म्हणाला, "भिंत परत बांधायची असंल तर माज्या पोराला इचार."

दादाचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता. पुतण्या मला तात्या म्हणतो. २००६ च्या जानेवारीत तो वही-पेन्सिल घेऊन बसला. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "तात्या, डोंगरापासून किती लांब सरकता येईल?" मी म्हणालो, "चार फूट." तेच चार फूट, जे मी अकरा वर्षांपूर्वी मिळवले होते.

मग त्यानं मला हिशोब समजावला. तो मी माझ्या भाषेत सांगतो, कारण उतारावर घर असलेल्या प्रत्येकानं तो ऐकावा असं मला वाटतं. भिंतीमागची माती भिंतीला पुढं ढकलते. जितकं खाली तितका रेटा जास्त. दहा फुटी भिंतीमागं कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टन रेटा बसतो. त्याच मुरमात माथ्यापर्यंत पाणी साठलं की तोच रेटा सहा टनांच्या घरात जातो. दुपटीहून जास्त. आणि उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो, भिंत उलथवायची ताकद आठपट. पाच फूट भिंत टिकली म्हणून त्याच धर्तीवर दहा फूट बांधली, असं चालत नाही.

"मग माझी भिंत अकरा वर्षं उभी कशी राहिली?" मी विचारलं.

"भिंत उभी नव्हती तात्या. मागचा मुरूम कोरडा होता तवर आपल्या पायावर उभा होता. भिंत नुसती त्याच्यापुढं होती."

पाया खणायला घेतला तेव्हा मामांना बैलगाडीतून आणलं. पंचाहत्तरी गाठलेली. दगडावर बसून बघत होते. मी १९९४ ला वरची ताल काढली होती, पण बुडाचा थर जमिनीत तसाच होता. तो लागला. पुतण्यानं टेप लावली, पाच फूट दोन इंच. त्याच्या वहीत पायाची रुंदी साडेपाच फूट निघाली होती. त्यानं वही मिटली आणि मामांकडं बघितलं. मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

आणखी खणलं तसं ते बीळ लागलं. माझ्या काँक्रीटचा गोळा पहारीनं फोडून काढला. त्याच्या मागं फरशीसारख्या चपट्या दगडांची मोरी होती. खाली दगड, दोन्ही बाजूला दगड, वर झाकण. ती सरळ आत जाऊन पुढं दोन फाटे फुटत होते, आणि वरती हाताएवढ्या गोट्यांचा थर. चौसष्ट वर्षांनी तिच्यात बोटभर गाळ होता. फोडलेल्या काँक्रीटमागून पाण्याची एक बारीक धार आली. जानेवारीचा महिना, तरी धार आली. मामा म्हणाले, "ही मोरी म्या लावलीया. बा दगूड द्यायचा, म्या आत शिरून लावायचा. म्या बारका हुतो म्हनून."

मी तिथंच खाली बसलो. सापाचं बीळ म्हणून मी जे बुजवलं ते एका बारा वर्षांच्या पोरानं अंधारात रांगत जाऊन लावलेलं होतं. मामांनी तेव्हाही ते सांगितलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

मग भिंत बांधली. खाली साडेपाच फूट, वर दोन फूट, तोंड डोंगराकडं रेललेलं. पाया कठीण मुरमात दोन फूट खाली. दगड वीस ब्रासच्या आसपास लागला, त्यात पडलेल्या भिंतीचा आणि जुन्या तालीचाही होता. जमिनीपासून एक फुटावर चार इंची पाइपांची पहिली ओळ, दर पाच फुटांना एक. तिच्या वर तीन फुटांवर दुसरी, खालच्या दोन पाइपांच्या मधोमध. पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ. भिंतीच्या पाठीला तळापासून वरपर्यंत फूटभर जाडीचा डबर-खडीचा थर आणि तो आणि माती यांच्यामध्ये जाळीदार कापड, म्हणजे गाळ येऊन खडी तुंबत नाही. मी गोणपाट सुचवला होता. पुतण्या म्हणाला, कुजेल.

एकवीस दिवस पाणी मारलं, मगच मागं भराव टाकला. भराव मुरमाचा, काळी माती अजिबात नाही, कारण ती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला ढकलते. एकेक फुटाचा थर, प्रत्येक थर धुम्मसानं ठोकून. सगळ्यात वर चिकण मातीचा थर, पाणी आत मुरू नये म्हणून. आणि भिंतीच्या वर सहा फुटांवर आडवा चर, डोंगरावरून येणारं पाणी उचलून ओघळीला नेऊन सोडणारा. हे सगळं मे महिन्याच्या आत. जुनी मोरी आम्ही काढली नाही. दगड धुऊन परत लावले आणि तिचं तोंड नव्या भिंतीतून बाहेर काढलं. धरण पाणी अडवण्यासाठी असतं, तरी त्याच्याही पोटात पाझर गोळा करून बाहेर काढायची सोय असते, हे पुतण्यानं मला त्या वेळी सांगितलं. गडांच्या तटाला बुडाशी पाणी जायची तोंडं दिसतात. मी गडांवर लहानपणापासून जात आलो, ती तोंडं मी कधी बघितली नव्हती.

भिंत बांधताना दादा रोज दगड द्यायला होता. आम्ही फारसं बोललो नाही. "हा घे", "तो नको, चपटा दे", एवढंच. पण दगड देताना एकमेकांकडं बघावं लागतं, नाहीतर बोट जातं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी त्याला एक म्हैस आणून दिली. त्यानं बांधून घेतली.

जुलै २०२१ ला परत तसाच पाऊस झाला. २२ तारखेच्या रात्री आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं डोंगराची बाजूच खाली आली. महाडकडं तळिये गेलं. त्याआधी २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं होतं. हे मुद्दाम लिहितो. घरामागची भिंत दहा फूट माती धरते, डोंगर धरत नाही. वरच्या रानात जमिनीला नवी भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा भर पावसात आटलं, तर भिंत कितीही भक्कम असो, माणसं आणि जनावरं घेऊन निघावं. आम्ही त्या रात्री निघालो होतो. दावी आधी सोडली, मग कुलूप लावलं. शाळेत दोन रात्री काढल्या.

तिसऱ्या दिवशी परत आलो. भिंत उभी होती. सगळ्या पाइपांतून पाणी चाललं होतं, आणि सगळ्यात मोठी धार खालच्या त्या जुन्या तोंडातून. आधी तांबडी होती, दुपारपर्यंत नितळ झाली. मामा तोवर राहिले नव्हते.

दरवर्षी मृग लागायच्या आधी मी प्रत्येक पाइपात काठी घालून बघतो, चरातला पाला काढतो, मोरीच्या तोंडाशी बसून आत हात घालतो. नातू यंदा विचारत होता, "आजोबा, त्यात साप असंल की." मी म्हणालो, "असंल. राहू दे त्याला. वाट मोकळी पाहिजे."